करंगळीशेजारचं बोट

यांताय,
९ ऑक्टोबर २०१८

चि. फेइयुन,

अनेक आशीर्वाद. गुडघे सोडले तर माझी तब्येत उत्तम आहे, तुझी आणि माझ्या नातीची, दोउयाचीही असेल. तुझ्या आईवडिलांना नमस्कार सांग. फोनवर तू मला बंद करून ठेवलं आहेस, म्हणून हा कागद. पोस्टमनला बंद करायची सोय अजून निघालेली नाही.

इकडे यंदा नाशपाती उदंड आली. समोरच्या मोउबाईंनी दोन पेट्या आणून ठेवल्या आणि खडीसाखर घालून वाफवायचं काम माझ्या गळ्यात मारलं. थंडी पडायला लागली, की खोकणारी पोरं आणि त्यांच्या घाबरलेल्या आया एकदमच येतात. मी आता खालच्या खोलीत मालिश करते, तिथे काल अकरा पोरं आली. सहासष्टाव्या वर्षी अकरा पोरांची बोटं, छात्या, पाठी चोळून मी वर येऊन वाफेच्या पावांचं पीठही मळलं. सांगायचं एवढंच, की म्हातारी अजून खुर्चीला खिळलेली नाही.

तुझ्या आईनं पाठवलेल्या सुक्या मिरच्या मिळाल्या. एक चावली आणि दोन तास माझा आवाज बंद. ज्येनपो म्हणाला, असल्या मिरच्या दर महिन्याला मागवू या. लग्न झाल्यावर मुलगा एवढा वात्रट होतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

सुट्टीत तुमच्याकडे राहून आल्यावर त्यानं आणखी एक सांगितलं, ते मात्र मला मुळीच आवडलं नाही. दोउया खोकायला लागली, की तुझ्यापुढे आपणहून हात करते आणि तू आपले हात पाठीमागे घेतेस म्हणे. म्हणतेस, 'माझ्या हाताला गुण नाही, मीच हिला आजारी पाडलं.' दहा महिने हेच चाललं आहे? हे ऐकून सोडून देणाऱ्यातली मी नाही, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते.

गेल्या डिसेंबरात दोउयाचा खोकला सुरू झाला, तेव्हा मी जिन्यात उभी राहून सगळ्यांना सांगितलं होतं, तीन दिवसांत मोकळी करते. सकाळ-दुपार तिचा डावा हात मांडीवर घेऊन मी करंगळीशेजारचं बोट चोळत होते. बुडापासून शेंड्याकडे, तीनशे वेळा. आमच्या मालिशीत ते बोट फुफ्फुसाचं मानतात, आणि साचलेलं बाहेर काढायचं तर बाहेरच्या दिशेनंच ओढायला हवं. इस्पितळाच्या मालिश विभागात सत्तावीस वर्षं मी हेच केलं. गुरुवारी संध्याकाळी जेवायची भांडी घेऊन येते, तर तू तेच बोट शेंड्यापासून तळव्याकडे चोळत बसलेली!

"अगं बाई! मी दिवसभर बाहेर काढते आणि तू संध्याकाळी आत ढकलतेस? तरीच पोरीचा खोकला हटेना!"

"आई, आमच्याकडे असंच करतात हो. माझी आजी तर..."

"तुझ्या आजीनं मिरच्या वाळवाव्यात. पोरांच्या बोटांच्या वाटेला जाऊ नये."

मोउबाई मीठ मागायला दारात आल्या होत्या. मीठ न घेताच त्या परत गेल्या आणि जिन्याजिन्यात बातमी पोचवली. शनिवारी दोउयाला इस्पितळात न्यावं लागलं. न्यूमोनिया निघाला, नऊ दिवस सलाईन लागलं. ज्येनपोनंही तुलाच बोल लावला. तू रडत माझी माफी मागितलीस आणि मी ती स्वीकारली. महिन्याभरात तू पोरीला घेऊन माहेरी गेलीस.

आता ऐक. गेल्या महिन्यात तुमच्याच हुनान प्रांतातली, छांगशाची एक आजी नातवाला घेऊन माझ्याकडे आली. मी पोराचं बोट चोळायला घेतलं, तर तिनं माझं मनगटच धरलं.

"अहो बाई, उलटं कुठे चोळताय? खोकला आहे ना त्याला?"

"सत्तावीस वर्षं असंच चोळतेय."

"मग सत्तावीस वर्षं उलटंच चोळताय! आमच्या हुनानात साफ करायचं तर तळव्याकडे ओढतात."

आमची अशी जुंपली, की तो पोरगा खोकायचंच विसरला. ती गेल्यावर मी लुआन गुरुजींना फोन केला. ज्यांनी मला हे काम शिकवलं तेच, आता नव्वदीला आले आहेत. ते हसत सुटले. म्हणाले, "युएलान, तिकडची रीत तिकडची, इकडची इकडची. पोरं दोन्हीकडे बरी होतात. एवढं कळायला तुला निवृत्त व्हावं लागलं?"

म्हणजे तू चुकली नव्हतीस. तुझ्या आजी आज हयात असत्या, तर त्यांच्यासमोर उभी राहून माफी मागितली असती. आता तुझी मागते. दोउयाला खुशाल तुझ्या रीतीनं चोळ. माझ्या दृष्टीनं विषय संपला. नववर्षाला दोघी या, मी पोरीसाठी लाल स्वेटर विणायला घेतला आहे.

तुझी,
आई


श्यांगथान,
१९ ऑक्टोबर

ती. आईंना फेइयुनचा नमस्कार.

पत्र मिळालं. आजीबद्दल तुम्ही लिहिलंत, ते माझ्या आईनं माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि डोळे पुसले. दोउया मजेत आहे. बालवाडीत एका मुलाला चावली, म्हणून मला बोलावणं आलं होतं.

दिशेचं म्हणाल, तर आमची रीत बरोबर आहे हे मला तेव्हाही ठाऊक होतं. मला दुसरंच विचारायचं आहे. त्या गुरुवारी दुपारी मी कामावरून लवकर आले होते. तुम्ही दोउयाला पलंगावर निजवलं होतं, तिचा सदरा वर केला होता आणि तिच्या छातीकडे बघत होतात. बराच वेळ. मग सदरा खाली ओढलात आणि पुन्हा तिचं बोट हातात घेतलंत. मी दारातून पाहिलं. विचारलं नाही, कारण त्यातलं तुम्हाला कळतं, मला नाही.

दहा महिने माझ्या डोळ्यांपुढून ते जात नाही. आई, तुम्ही काय पाहिलं होतंत?

फेइयुन


यांताय,
२९ ऑक्टोबर

चि. फेइयुन,

आशीर्वाद. तुझं पत्र येऊन पाच दिवस झाले. उत्तर द्यायला उशीर केला, कारण आधी इथली काही कामं उरकायची होती. ती कोणती ते पुढे लिहिते. रडगाणं गाणार नाही, ते मला जमत नाही. तू सरळ विचारलंस, मी सरळ सांगते.

श्वास घेताना तिच्या बरगड्यांखाली खड्डा पडत होता. नाकपुड्या फुलत होत्या. मी घड्याळ लावून मोजलं, मिनिटाला बावन्न श्वास. तुला ते ओळखता आलं नसतं. मला येतं. इस्पितळात असं पोर माझ्यापुढे आलं, की मी त्याच्या बोटाला हातसुद्धा लावत नसे, सरळ वरच्या मजल्यावर डॉक्टरांकडे पाठवत असे. आया गयावया करायच्या, "ताई, सुई नको, तुम्हीच चोळा." मी त्यांना अक्षरशः हाकलायचे. मालिश खोकल्यासाठी आहे, अशा श्वासासाठी नाही. सत्तावीस वर्षांत एकही पोर मी अडकवून ठेवलं नाही. त्याचा मला अभिमान होता आणि अजून आहे. मी अडवलं ते एकच पोर, आपलं.

का अडवलं, तेही ऐक. मी तीन दिवसांचा शब्द दिला होता आणि तो चौथा दिवस होता. खालच्या खोलीवर माझ्या नावाची पाटी त्याच आठवड्यात लागायची होती. स्वतःच्या नातीचा खोकला जिला काढता आला नाही, तिच्याकडे कोण पोर घेऊन येणार? मी मनाला म्हटलं, संध्याकाळपर्यंत बघू. आणि संध्याकाळी तू ते बोट उलट्या दिशेनं चोळताना दिसलीस.

फेइयुन, मला तेव्हा राग आलाच नव्हता. मला हायसं वाटलं. दोष कुणाच्या तरी माथी मारायला मिळाला. मी एवढ्या मोठ्यानं ओरडले, ते दारातल्या मोउबाईंना ऐकू जावं म्हणून.

शुक्रवारचा अख्खा दिवस मी दवडला. शनिवारी सकाळी तिचे ओठ निळसर झाले, तेव्हा तिला रजईत गुंडाळून जिना उतरलीस ती तू. मी मागे चप्पल शोधत होते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "इतका उशीर का केलात?" तेव्हा मीच पुढे होऊन म्हणाले, "हिनं बोट उलटं चोळलं." आठवतं? त्या काय म्हणाल्या, ते तू ऐकलं नसशील, तू पोरीबरोबर आत गेली होतीस. त्या म्हणाल्या, "बोट चोळून न्यूमोनिया होत नाही, बाई." हे ऐकून मी घरी आले आणि तरीही तुझी माफी स्वीकारली. मागच्या पत्रात मी ऐटीत दिशेची माफी मागितली, तीही हे लिहावं लागू नये म्हणून.

आता कामं. शुक्रवारी जेवताना मी हे सगळं ज्येनपोला सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला.

"आई, मी तिला काय काय बोललो, माहीत आहे तुला?"

"माहीत आहे. मी शेजारीच बसले होते."

"आणि बोलली नाहीस!"

"नाही बोलले."

तो ताट तसंच टाकून उठला. आज त्यानं रजा मंजूर करून घेतली. दहा तारखेला तिकडे पोचेल. तो तुझी क्षमा मागायला येतो आहे, त्याला सहजासहजी देऊ नकोस.

मग मोउबाईंना घरात बोलावून बसवलं आणि सांगितलं. त्या म्हणाल्या, "जाऊ दे गं युएलान, पोरगी बरी झाली ना? जुनं कशाला उकरायचं?" मी म्हटलं, "तेव्हा जिन्याजिन्यात सांगितलंत, तसंच आताही सांगा." सांगितलेलं दिसतं, कारण आज खालच्या खोलीत चारच पोरं आली. येऊ देत चार. मी काम सोडणार नाही. हे हात चांगले आहेत आणि मला त्यांचा उपयोग ठाऊक आहे. फक्त आता कुणाचंही बोट धरण्याआधी सदरा वर करते आणि त्याच्या आईला शेजारी बसवून तिच्याकडूनच श्वास मोजून घेते, म्हणजे मी पाहिलेलं तिनंही पाहिलेलं असतं.

नववर्षाला या असं मी लिहिलं होतं, ते मागे घेते. तुला बोलावायचा हक्क मी घालवला आहे. यायचं की नाही, कधी यायचं, ते तू ठरव. मी विचारणार नाही आणि ज्येनपोलाही विचारू देणार नाही.

पण या कामातली जाणती म्हणून एक सांगते, ते ऐक. दोउयानं हात पुढे केला तर तो धर. आधी तिचा श्वास मोज. चाळीसच्या वर गेला, खड्डा दिसला, तर बोट सोडून डॉक्टर गाठ, कुठल्याही आजीचं ऐकू नकोस. तसं काही नसेल तर निवांत बसून चोळ, तुझ्या आजीच्या दिशेनं. तुझ्या हातांनी तिला आजारी पाडलं नाही. तुझे हात तिला उचलून इस्पितळात घेऊन गेले, म्हणून ती आज पोरांना चावते आहे. हे मी त्याच दिवशी, तिथेच, सगळ्यांसमोर म्हणायला हवं होतं.

हे पत्र तुझ्या आईला वाचून दाखव. जपून ठेव आणि दोउया मोठी झाली, की तिलाही दे.

जिनं पाहिलं आणि सांगितलं नाही,
ती तुझी सासू,
छू युएलान