भर उन्हातले हीव

२४ मे, मेडशी
कुसुम जाऊन सहा दिवस झाले. पुण्यानुमोदनाची पत्रिका छापून आली. तिच्या नावामागे, आमच्या रीतीने, ‘कै.’ऐवजी ‘कालकथित’. मुद्रिते मीच तपासली होती. एकही चूक नाही.
कूलर लावलेला नाही. दुपारभर पत्रे तडतडतात. बसून राहतो.

२६ मे
कार्यक्रम पार पडला. मेहुणे भीमराव आसेगावहून आले होते. कुसुम १८ तारखेस ज्या लग्नाला गेली, ते त्यांच्याच मुलीचे; भर दुपारी, कापडी मांडवात. आज सर्वांसमक्ष त्यांनी माझे पाय धरले. “बाराचा टाइम मीच ठेवला, भाऊजी. म्याच मारली माही बहीण.”
त्यांना उठवून बसविले. बोललो मात्र काही नाही.

२७ मे
येथे तरी खरे लिहावे.
त्या दिवशी कुसुम चारच्या बसने परतली. अंग भाजत होते, घामाचा टिपूस नाही, आणि दात वाजत होते. म्हणाली, “अहो, मले हीव वाजून राह्यलं.”
एकतीस वर्षे न्यायालयात लिपिक होतो. पक्षकार वऱ्हाडीत बोलत. मी त्यांची जबानी शुद्ध मराठीत उतरवीत असे. ‘हीव’ ऐकले आणि मनात ‘हिवताप’ लिहिले. कूलर बंद केला. खिडकी लावली. एक वाकळ घातली, पुरेना म्हणून दुसरी. “आता बरं वाटते,” म्हणाली. मी वर्तमानपत्र वाचीत बसलो. तासाभराने हाक मारली तर
दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, अंगावर काही पांघरले होते काय?
“नाही,” असे मी म्हणालो.

३ जून
गावच्या आशा सेविका प्रतिभाताई आल्या. उन्हाने गेलेल्यांची माहिती वर पाठवावयाची आहे.
“काकू पयले काय म्हनल्या, काका?”
“थंडी वाजत असल्याची तक्रार केली.”
“कोर्टातलं नोका सांगू. काकूच्या तोंडचं सांगा.”
सांगितले. त्या लिहिता लिहिता थांबल्या. “पयले उन्हाळ्यात हीव वाजे तं हिवतापच निंघे. आता ऊन तसं नाई राह्यलं ना. ऊन लागलं तरी हीव वाजते, अन् त्याच हिवात मानूस जाते. अन् लोक वाकयी टाकतात.” मग माझ्याकडे पाहिले. “तुमी नाई ना टाकली?”
आठवून सांगतो, म्हणालो. कागद ठेवून गेल्या. बारा तारखेस येतील.

९ जून
भीमरावांच्या पत्नीचा फोन. ते जेवत नाहीत. लग्न झालेल्या पोरीला अद्याप माहेरी बोलावलेले नाही. तिचे तोंड पाहिले की बहीण आठवते, म्हणतात. “तुमीच समजावा, भाऊजी. तुमचं आयकतात.”
मृग लागला तरी ऊन उतरत नाही. जावे लागेल. माझा अपराध त्या माणसाने का वाहावा?

११ जून
आसेगावास जाऊन आलो. सर्व सांगितले. कूलर, खिडकी, दोन वाकळी, डॉक्टरांपाशी बोललेले खोटे. लग्नाच्या वेळेने नव्हे, माझ्या हाताने गेली, असेही म्हणालो. वाटले होते, अंगावर धावून येतील. यावे, अशीच इच्छा होती.
भीमराव म्हणाले, “मांगच्या उन्हाळ्यात मायले बी असंच हीव वाजलं होतं.”
सासूबाई वयोमानाने गेल्या, असेच आम्ही सर्व समजत होतो.
“माय अंगावरचं फेकून देये, भाऊजी. म्या वरून दाबून धरली वाकय.”
त्यांच्या पत्नीने आतून चहा आणला. कोणीच कप उचलला नाही. पोरीला बोलवा, एवढे सांगावयाचे होते, तेही राहिले. ओझे उतरविण्यास गेलो आणि दुसरे, त्याहून जड, ठेवून आलो. फाट्यावर एकटाच उभा होतो.
उद्या प्रतिभाताई येतील. माझे सांगेन, लपविणार नाही. परंतु कागदावर एकाच मृत्यूचे सांगावे, की