रूपीचा पहिला तंबू

डहाणू
बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५

प्रिय लाडकीबाय,

तुला आणि चिमणदाजींना नमस्कार. तुक्याचा खोकला गेला असेल, त्याला माझा पापा. आम्ही इकडे सगळे बरे आहोत. रूपीला खाली दोन दात आलेत. हातात येईल ते चावते, परवा उमेशचं घड्याळ चावत बसली होती.

फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. इथे एक खोली आणि स्वयंपाकघर. मी बोलायला लागले की सासूबाई भाजी निवडत समोर असतात. तुझ्याकडे रेंज येते ती पाण्याच्या टाकीपाशी, आणि तिथे दहा जणी उभ्या. आश्रमशाळेत होतो तेव्हा तू घरी पत्र लिहायचीस आणि खाली माझ्याकडून एक ओळ लिहून घ्यायचीस. यावेळी सगळंच मी लिहिते. तुमच्याकडची हिरू भाजी विकायला इकडे येते, तिच्या हातात देणार आहे. एकटीच वाच.

शनिवारी आम्ही चिखल्याला समुद्रावर गेलो होतो, तंबू ठोकून राहायला. माझी नणंद शितल आणि तिचा नवरा मनिष वसईहून आले, तंबू त्यांनीच आणला, नारिंगी रंगाचा. उमेश आठवडाभर मोबाईलवर तंबूचे व्हिडिओ बघत होता. ‘आमच्या रूपीचं पहिलं कॅम्पिंग’ असं कंपनीत सगळ्यांना सांगून आला. रूपी झाल्यापासून त्याला सलग दोन सुट्ट्या पहिल्यांदाच मिळाल्या होत्या. मच्छरदाणी, पाण्याचे कॅन, रूपीसाठी छोटी टोपी, सगळं त्यानेच आणलं. तो वाईट नाही, बाय. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून तुला त्याचा राग येईल.

सुरूच्या झाडांखाली तंबू लागला. फोटो झाले. रूपीला टोपी घालून वाळूत बसवलं, तिने मूठभर वाळू तोंडात घातली आणि रडायला लागली. सासूबाई म्हणाल्या, “वारा लागेल पोरीला. जयवंती, तू तिला घेऊन आतच बस.”

मी आत गेले. दहा वाजले असतील.

तंबू बाहेरून छान दिसतो. आत ताठ उभं राहता येत नाही. ऊन चढलं तसं कापड तापलं, आतली हवासुद्धा नारिंगी दिसायला लागली. जाळी उघडली की वारा, बंद केली की घाम. रूपी दूध पीत नव्हती, झोपत नव्हती, नुसती रडत होती. बाहेर शितल हसत होती, मनिष पोहायला गेला होता. उमेशने दोनदा आत डोकावून विचारलं, “बरी आहेस ना? जरा रिलॅक्स हो गं, आपण फिरायला आलोय.” मी म्हटलं, “हो.” काय सांगणार होते? सात महिने घरात जे करते, तेच इथे वाकून करत होते.

जेवणंही तिथेच, मांडीवर ताट. मग उमेश आणि मनिष गाडी घेऊन घोलवडला बर्फ आणायला गेले. सासूबाई आणि शितल पाण्याकडे गेल्या. ओहोटी होती, चालत बऱ्याच पुढे गेल्या. आणि अडीचच्या सुमाराला रूपी झोपली.

इथपर्यंत मी फोनवरही सांगितलं असतं.

मी बाहेर आले. कुत्री फिरत होती म्हणून तंबूची चेन बाहेरून लावली, पूर्ण. आधी वाटलं, झाडांत लघवीला जाऊन येऊ. गेले. मग रस्ता दिसला म्हणून रस्त्यापर्यंत गेले. टमटमवाल्याने स्वतःच गाडी थांबवली, “डहाणू?” मी बसले. शपथेवर सांगते, डोक्यात काही नव्हतं. शेजारी एक बाई मासळीची रिकामी पाटी घेऊन बसली होती. वारा तोंडावर येत होता, हात रिकामे होते. मला बरं वाटलं. तेच तुला सांगायला हा सगळा कागद लागला. मला फार बरं वाटलं.

स्टँडवर तलासरीची, आपल्या माहेरची गाडी लागली होती. मी चढले, खिडकीशी बसले. कंडक्टर आला.

“कुठे?”

“तलासरी.”

“किती?”

मी म्हटलं, “एक.”

त्याने तिकीट फाडून हातात दिलं आणि पुढे गेला. आणि मग मला माझाच आवाज ऐकू आला. एक, असं म्हणाले होते मी. कुणी विचारलं असतं, मूल आहे का, तर नाही म्हणाले असते. मी उठले. ड्रायव्हर ओरडत होता, गाडी सुटायच्या वेळी काय, म्हणून. उतरले आणि टमटम मिळेपर्यंत उन्हात पळत होते. वाटेत सारखं त्या कापडाचा रंग डोळ्यांपुढे येत होता. चेन मी पूर्ण लावली होती.

पोचले तेव्हा रूपी सासूबाईंच्या मांडीवर होती. चेहरा लालबुंद, केस भिजून डोक्याला चिकटलेले, हुंदके देत होती. त्यांना लांबून तिचं रडणं ऐकू आलं म्हणून त्या पळत आल्या होत्या. शितल तिला ओल्या फडक्याने पुसत होती. आणि उमेश समुद्रात होता. कपड्यांसकट, कमरेएवढ्या पाण्यात. “जयू! जयू!” म्हणून हाका मारत होता. त्याला वाटलं होतं मी बुडाले.

मी म्हटलं, वाट चुकले.

त्याने मला घट्ट धरलं, त्याच्या शर्टातलं पाणी माझ्या अंगावर उतरलं. “एकटी कशाला गेलीस? मला सांगायचं ना.” एवढंच म्हणाला. मी रूपीला घेतलं तर ती लगेच प्यायला लागली. तिला काही कळत नाही गं.

रविवारी सकाळी सासूबाई आणि मी नळावर दुपटी धूत होतो. त्या खाली बघत म्हणाल्या, “काल तू टमटममधून उतरलीस. मी बघितलं.”

मी हातातलं दुपटं पुन्हा नळाखाली धरलं.

“उमेश चार महिन्यांचा होता. मी पण निघाले होते माहेरच्या वाटेने. नदीपर्यंत गेले.”

“मग?”

“मग काय? फिरले मागे. सगळ्याच फिरतात.” त्यांनी दुपटं पिळलं आणि दोरीवर टाकलं. उमेशला त्यांनी काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाहीत. त्यांनी मला समजून घेतलं, हे मला कळतं. पण त्या ‘सगळ्याच फिरतात’ म्हणाल्या तेव्हा मला दार लावून घेतल्याचा आवाज आल्यासारखं झालं. उमेश आता तीस वर्षांचा आहे; एवढी वर्षं त्यांनी हे कुणाला सांगितलं नसणार.

आता दुपारी रूपी झोपली की मी माझ्या चपला माळ्यावर फेकते. स्टूल घेतल्याशिवाय हात पोचत नाही, पुन्हा निघावंसं वाटलं तर तेवढ्यात विचार बदलेल म्हणून. काल सासूबाईंनी विचारलं, चपला कुठे गेल्या? मी म्हटलं, तुटल्या. आज उमेश नव्या घेऊन आला.

बाय, मला रूपी नको आहे असं नाही. ती हसली की मी पण हसते. पण मला माझी भीती वाटते, आणि हे मी कुणाला सांगू? शनिवारी एवढं होऊनही होळीला पुन्हा जायचं ठरतंय. उमेश म्हणतो, यावेळी आपला स्वतःचा तंबू घेऊ, मोठा.

तू रविवारी ये. उमेश घरी असतो. निमित्त काही काढू नकोस, आपल्या आयला बरं नाही वगैरे सांगू नकोस. सरळ ये आणि माझ्या शेजारी बस. रूपीला तू घे. मी त्याला सगळं सांगणार आहे, तिकिटापर्यंत. मी थांबले तर थांबू दे, माझ्या वतीने तू बोलू नकोस. नंतर मला रागाव, हवं तेवढं. त्यानंतर डॉक्टरकडे जायचं की तुझ्याकडे यायचं, ते तिघं मिळून ठरवू. मला एकटीला आता काही ठरवता येत नाही.

आली नाहीस तर मी रविवारी सांगणार नाही, आणि मग कधीच सांगणार नाही. मी मला ओळखते.

दारावर डोळे लावून बसलेली,
तुझी जयवंती