माती द्यायची आहे

राजारामपुरी, कोल्हापूर
मंगळवार

ती. आप्पांना पवित्राचं शरणु शरणार्थी.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून लिहितेय. मी बरी आहे, दोन्ही वेळा जेवते. अमरेशदादानं कानाचं मशीन आणलं का? गुडघा कसा आहे?

माझ्या कामाचं विचारलं होतंत. आम्ही कचऱ्याच्या ढिगावर माती पसरतो. आत कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेन निघतो, आपल्या गोबरगॅसमधला. वरच्या मातीतले जिवाणू तो खाऊन टाकतात. पण त्यांनाही वारा लागतो. माती दाबून टाकली, की ते गुदमरतात.

काल निघताना घरमालकीण चिमणामावशींना म्हटलं, "आज माती द्यायची आहे, उशीर होईल." परत आले तर दारात गरम पाण्याची बादली. "आदी आंगोळ कर की. कोण गेलं गं?"

मी हसले, कचऱ्याचं सांगितलं. मग न्हाणीत नळ सोडून रडले.

पोटची लेक असून अव्वाच्या मातीला मी नव्हते. पुरानं रस्ता बंद होता, हे खरं. पण पाणी उतरून महिना झाला, तरी कामाचं निमित्त सांगत राहिले, ते खोटं. तिच्याशिवायच्या घरात पाऊल टाकायची भीती वाटली.

रविवारी येते. अव्वाला पुरलं त्या जाग्यावर सिमेंटचा कट्टा बांधायला गवंडी सांगितलाय, असं दादा म्हणाला. त्याला थांबवा, आप्पा. तिथल्या मातीला वारा लागू दे.

आणि माझी मूठ अजून राहिलीय.

तुमची,
पवित्रा