पुढचं शून्य

माय, आज दुपारी मी ते शून्य काढलं. तुला यातलं काही कळणार नाही म्हणा, पण सांगायचं तर तुलाच, कारण इतकी वर्षं ते अडून बसलं होतं ते तुझ्यापायी.

तो दिवस आठवतो? नांदेडच्या आपल्या स्वयंपाकघरात मी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेय आणि तू येसरसाठी बाजरी भाजतेयस. पडद्यावर ना चित्र ना बटण, नुसती काळी खिडकी आणि तिच्यात मी टाइप केलेली एकेक ओळ. तू उलथनं हातात घेऊन वाकून बघतेस. "ह्याला तू हुकूम सोडतीस आन हे मुकाट ऐकतंय? तुझ्या बापानं एक दिस ऐकलं न्हाई माझं!" बाहेरून बाबा मुद्दाम खाकरतात. मी तुला समजावत होते, की लातूरला आमच्या ऑफिसात आडत दुकानांसाठी प्रोग्रॅम बनवतात, बिलाचा वेगळा, गोदामाचा वेगळा, मोबाइलवरचा वेगळा. प्रत्येकाला एक नंबर असतो. काही बदललं की तो वाढवायचा, आणि मेला एका जागी लिहिलेला असेल तर शपथ! एखादी जागा राहिली की दुकानातल्या कॉम्प्युटरला वाटतं नवीन काही आलंच नाही, आणि तो जुन्यालाच धरून बसतो. म्हणून मी एक कमांड लिहीत होते. एक ओळ टाइप केली की सगळ्या प्रोग्रॅमचे नंबर सगळीकडे एकदम वाढावेत, एवढंच तिचं काम.

"मंजी माझा दोराच की," तू म्हणालीस. होतंच ते तसं. तुझं येसर, आमटीत टाकायचं ते मसाल्याचं पीठ, अर्ध्या जिल्ह्यातल्या पाहुण्यांकडं जायचं. पिशवीला पांढरा दोरा असला की नेहमीचं, डोळे झाकून मापानं टाका. लाल दोरा असला की यंदा काहीतरी बदललंय, आधी चव बघा. आणि एका वर्षी तू मिरची बदललीस आणि मुदखेडच्या मावशीच्या पिशवीला लाल दोरा बांधायचाच विसरलीस. तिच्याकडं लग्न. आमटी ओरपता ओरपता वऱ्हाडी घामाघूम, नवरदेवाच्या मामानं तर ताकाचा तांब्याच तोंडाला लावला. मावशी फोनवर ओरडत होती, "पांढरा दोरा बघूनच टाकलं की गं मी!" तू पोट धरून हसलीस, आणि मग एकेका घरी फोन लावत सुटलीस, "दोरा कसला बी असू दे, यंदा हात आखडून टाका."

आमच्या नंबरात तीन आकडे असतात. शेवटचा किरकोळ दुरुस्तीचा, मधला नव्या सोयीचा आणि पहिला तुझ्या लाल दोऱ्याचा. पण त्या पहिल्या जागी शून्य असलं तर त्याचा अर्थ, माल अजून कच्चा आहे, भरवसा ठेवू नका. माझ्या कमांडला शून्यच होतं. मला ती कधी पुरी झाली असं वाटायचंच नाही. तसा माझा स्वभावच. शेजारच्या लग्नात तू मला आमटीच्या पातेल्यापाशी उभं केलंस आणि मी आपली चमच्यामागं चमचा चाखतेय, तेव्हा चारचौघांत खेकसली होतीस. "किती चाखतीस गं? पंगत बसली तिकडं! एकदा झालं म्हन आन वाढ. मीठ कमी पडलं तर वरून देता येतंय." मी दिवसभर तुझ्याशी बोलले नव्हते.

दवाखान्यात तुझ्या खाटेशेजारी बसूनही मी तेच करत होते. त्या दिवशी कमांडचा नंबर होता ०.९.४. तू डोळे उघडून विचारलंस, "झालं का गं तुझं ते काम?" मी म्हटलं, न्हाई माय, थोडं राहिलंय. "तुझं कवा व्हायचं बाई," असं म्हणून हसलीस. त्याच आठवड्यात तू गेलीस.

राहिलेलं ते थोडं नंतर महिन्याभरात झालंही. पण पहिला आकडा वाढवायला हात धजेना. नुसता शेवटचा वाढवत राहिले. कमांड मी सगळ्यांना फुकट वापरायला ठेवली, कुठल्या कुठल्या मुलखातले लोक वापरतात ती. त्यात एक गोष्ट मी गुपचूप घातली. कुणी आपल्या प्रोग्रॅमचा पहिला आकडा वाढवू लागलं की कमांड थांबते आणि मराठीत विचारते, "झालं का?" परक्या लोकांनी अर्थ विचारला, मी सांगितला, त्यांना आवडला. जगभर तू विचारतेस. फक्त मला विचारायची वेळ मी तुझ्यावर येऊ दिली नाही.

गेल्या आठवड्यात साहेब म्हणाले, नवीन गिऱ्हाईक कच्च्या हत्यारावर काम करू देत नाही, या सोमवारपासून तुमची कमांड काढून टाकू, दुसरी घेऊ. ऑफिसात माझ्या शेजारी किनवटची एक मुलगी बसते, तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "ताई, तुम्ही काय करून राहिल्या? साऱ्या दुनियेला पक्कं करून देता आन स्वतःचं कच्चं ठेवता? कवा व्हायचं तुमचं?" अगदी तुझ्याच सुरात गं. मी तिच्यावर भडकले, आणि मग डबा तसाच ठेवून उठून गेले. खरं सांगू? ते शून्य गेलं की तुझा तो प्रश्न संपेल, आणि मग तू खरोखरच गेलेली असशील, याची मला भीती वाटत होती.

आज दुपारी मी माझ्या कमांडचाच पहिला आकडा वाढवायची ओळ टाइप केली. कमांड थांबली. "झालं का?" मी 'हाव, झालं' लिहिलं आणि रडले, त्या पोरीच्या समोरच. तासाभरात तिनंच एक चूक शोधून काढली, आणि लगेच शेवटचा आकडा वाढवावा लागला. १.०.० चं १.०.१. वरून मीठ द्यावं लागलं माय, तू म्हणायचीस तसं. सोमवारी कमांड तिथंच असणार आहे.

हे पत्र मी त्या कमांडच्याच फोल्डरमध्ये ठेवतेय, नंबर ०.१.० घालून. याचं पुढचं शून्य मात्र मी काढणार नाही. तुझ्याशी बोलून झालं, असं काही मला म्हणवत नाही.