तळाचं पाणी

मंगळवार, संध्याकाळ. पनवेल.

वाचनालयातून आणलेलं, समुद्राचे प्रवाह मोजणाऱ्या बाईंचं चरित्र वाचत होते. बायकांना जहाजावर घेत नसत, तेव्हा त्या भांडून चढल्या. पुढे मोठ्या संस्थेच्या प्रमुख झाल्या. तिथवर छान वाटलं. मग त्यांचा पहिला शोध आला. पावसाळ्यात खाडीतलं वरचं गोडं पाणी समुद्राकडे धावतं, तेव्हा तळाचं खारं पाणी उलट आत येत असतं.

तळाचं पाणी आत येतं. चारदा वाचलं.

आमचे हे खाडीत बुडाले तेव्हाही पावसाळाच होता. होड्या खाडीच्या तोंडाकडे, उरणकडे शोधत गेल्या, पाणी तिकडे वाहत होतं म्हणून. पण बुडालेलं माणूस आधी तळाशी जातं ना? सापडले नाहीत. शेवटी दर्भाचा पुतळा करून जाळला.

दिरांना फोन करून हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, "वैनी, पानी जातं तिकडंच गेलो आमी. खालचं कोन बगतो? तुमी ती पुस्तकं बंद करा आता."

त्यांची चूक नाही. मीसुद्धा दरवर्षी नारळ सोडताना उरणकडेच हात जोडते. तळाचं पाणी आत येतं. म्हणजे हे समुद्रात गेलेच नसतील.

हे आत, घराकडे येत होते.