बसलेला रंग

सर, कालपासून माझ्या तोंडाची चव गेली आहे. ताट समोर आलं की मळमळतं. घरच्यांना वाटतं पित्त झालंय, आणि मीही तेच सांगितलंय. खरं म्हणजे मला किळस आली आहे, आणि ती कुणापाशी ओकावी तर तुमच्याशिवाय माणूस सुचत नाही. तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली, तरी रसायनशास्त्राची तक्रार घेऊन जायचं माझं ठिकाण अजून तेच आहे.

शेंद्र्याच्या पुढं एक कारखाना आहे. तिथं लोखंडी सामानावर क्रोमचा चकचकीत मुलामा चढवतात. त्याचं पिवळं सांडपाणी जहर असतं. ते गाळायला त्यांनी मागच्या बाजूला लाल मुरुमाचा जाड थर केला होता. वरून पिवळं पाणी सोडायचं, खालून निवळशंख निघायचं. उद्घाटनाला फेटे, नारळ, सगळं झालं. मॅनेजरनं खालचं पाणी ग्लासात घेऊन फोटोपुरतं ओठाला लावलं आणि म्हणाला, "बघा मॅडम, विष गायब!" माझी पाणी तपासायची प्रयोगशाळा, म्हणून मलाही बोलावलेलं. मी म्हटलं, गायब नाही झालं, मुरुमावर बसलंय, थर बदलत राहा. त्यानं मला पेढा दिला.

तुमचा तो तास मला अजून दिसतो. टेबलावर गेरूचं ढेकूळ आहे. तुम्ही ते कुटून पाण्यात टाकता, त्यात जिलबीचा रंग घालता, वर लिंबू पिळता. ढवळून ठेवता. थोड्या वेळानं गेरू तळाला आणि वरचं पाणी स्वच्छ. "कुठं गेला रंग?" मी पहिल्या बाकावरून ओरडते, "गेरूनं खाल्ला सर!" तुम्ही हसत नाही. "खाल्ला नाही गं. कणाच्या अंगावर बसलाय. आंबट पाण्यात कणाच्या अंगाला विजेचा भार येतो, तो रंगाला धरून ठेवतो. आता बघ." मग धुण्याचा सोडा टाकून ढवळता. गेरू पुन्हा खाली बसतो, पण आता वरचं पाणी नारिंगी. "सोड्यानं भार पालटला. बसलेला उठतो, हे ध्यानात ठेव." तो प्रयोग स्वतः करताना मी तळाचा गाळ बेसिनमध्ये ओतला, तेव्हा केवढे भडकलात! "राख नदीत सोडलीस, आता मढं कुणाचं ते कसं ओळखणार?" सगळा वर्ग खिदळला, मी मुसमुसले. संध्याकाळी तुम्ही मला उस्मानपुऱ्याच्या घरी बोलावलंत आणि ते गेरूचं ढेकूळ माझ्या हातावर ठेवलंत. त्याआधी माठातलं पाणी दिलंत. मी घटाघटा प्यायले. काकू दाराशी उभ्या राहून बघत होत्या. तुम्ही म्हणालात, "आमच्या गावात आमच्या हातचं पाणी कुणी घेत नसे. पण तोंडावर नाही कोण म्हणतंय? कुणाचा उपास, कुणाचा घसा धरलेला. पोरी, कारणं लई गोड असतात."

तर सर, गेल्या महिन्यात मोठे साहेब तपासणीला येणार म्हणून कारखान्यात झाडलोट निघाली. साहेब येणार म्हटलं की आपल्याकडं झाडांच्या बुंध्यांनासुद्धा गेरू-चुना लागतो. मुरूम वरून मळकट दिसत होता. कुणा दीडशहाण्यानं सांगितलं, कॉस्टिक सोड्यानं धुऊन काढा, चकाचक होईल. आणि धुतला! बसलेलं सगळं विष उठलं आणि मागच्या नाल्यानं हळदीच्या पाण्यासारखं वाहत गेलं. साहेब आले, लालभडक मुरूम बघून खूश झाले, जेवून गेले. नाल्याकाठच्या आडाचं पाणी मी मागवून तपासलं. डोळ्यांना स्वच्छ, आत जहर. मॅनेजरला जाऊन सांगितलं, तर तो समोसा खात होता. "मॅडम, थोडं थांबा ना. एक पाऊस पडला की जाईल वाहून. लोकांना उगं कशाला भडकवायचं?" बोटाला लागलेली चटणी चाटत बोलत होता. थू! मला त्या बोटांची किळस आली, त्या धुतलेल्या मुरुमाची आली. लिंबू आणि सोड्यावर शाळेतल्या पोरांना कळेल एवढी गोष्ट, पण ती कुणालाच नको असते.

म्हणून काल मी स्वतःच त्या आडापाशी गेले. शेजारी बौद्ध कुटुंबांची चार घरं आहेत. माझ्याच वयाची एक बाई बाहेर आली. तिनं बाज टाकली, तांब्या पुढं केला. "घ्या ताई, उन्हाचं आलात."

माझा हात पुढं झाला नाही. म्हटलं, "नको. हे पाणी वाईट आहे. तुम्हीही पिऊ नका, विष आहे त्यात."

"इष? निवळशंख तर हाय." तिनं माझ्याकडं नीट बघितलं, मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. "बरं," ती म्हणाली. "शाळंतल्या बाई यायच्या, त्यांचा रोजच उपास. सरपंचाच्या बायकूचा घसा धरायचा. तुमचं इष. हे नवीन हाय." आणि माझ्यादेखत तांब्या तोंडाला लावून प्यायली. "बघा, मेले का?" मग उरलेलं पाणी शेजारी उभ्या असलेल्या लेकीच्या तोंडाशी धरलं.

मी तो तांब्या हिसकावला आणि एक घोट प्यायले. दुसरं काही सुचलंच नाही. म्हटलं, "तुमच्या हातचं मला चालतं. आता तरी ऐका माझं." ती मग आत गेली, भरलेला हंडा कमरेवर घेऊन आली आणि अंगणात उपडा केला. "मग पिऊ काय, ते सांगा," म्हणाली. आज सकाळी पंचायतीत माझ्या सहीचा अहवाल दिला. टँकर येईपर्यंत तिथून हलले नाही.

इथवर तुम्ही मला शाबासकी दिली असती. पण काल परतताना वळणाआड गाडी थांबवून मी घशात बोटं घातली आणि पोट रिकामं होईपर्यंत ओकले. एका घोटानं काही होत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. मग काय ओकले, असं तुम्ही विचारलं असतं. बरं आहे सर, हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचं नाही.