गप्प बसलेल्या डब्याची बोंब

९ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. नमस्कार वाकूनच केलाय, पण डोक्यातून धूर निघतोय, म्हणून खुशाली खाली कुठेतरी लिहीन.

तुमच्या पेटंट ऑफिसातून आमच्या मिस्त्रींना तपासणीचं पत्र आलंय. मी ते वाचायला घेतलं आणि तिसऱ्या ओळीला मला धाप लागली. अर्थ मात्र कळला. मिस्त्रींच्या डब्याचे अकरा दावे होते, म्हणजे हे आमचं नवं असं सांगणारे मुद्दे, आणि अकराच्या अकरावर काट मारलीय. कारण काय, तर म्हणे हे सगळं आधीच माहीत आहे.

डब्याचं तुला कधी नीट सांगितलं नाही. हॉस्पिटलात माणसाला आडवं करून ज्या नळकांड्यात सरकवतात आणि आतली चित्रं काढतात, त्या यंत्राच्या पोटात एक भलंमोठं चुंबक असतं. ते पाण्यासारख्या पातळ केलेल्या हेलियम वायूत बुडवून ठेवलेलं असतं, आपण कल्पना करू शकणार नाही इतकं गार. ते गार राहावं म्हणून वर एक यंत्र सारखं फुसफुसत असतं, त्याला कोल्ड हेड म्हणतात. आम्ही म्हणतो थंड डोकं. हे डोकं बंद पडलं की हेलियम उकळून नळीवाटे आभाळात जातं आणि यंत्र महिनोन्‌महिने आडवं. मिस्त्रींचा डबा चुंबकाच्या उशाशी बसतो. हेलियम किती उरलं, दाब किती, थंड डोक्याला लागणारं गार पाणी फिरतंय का, यावर लक्ष ठेवतो आणि बिनसलं की आमच्या वर्कशॉपात फोन करतो.

आता हे माहीत होतं, तर मग इथल्या छोट्या हॉस्पिटलांत एकाच्याही यंत्रावर ते का नव्हतं? माहीत असलेल्यांनी काय डोळे मिटले होते?

त्यात मोठ्या कंपनीचा तो टायवाला. तो हॉस्पिटलं फिरून सांगतो की मिस्त्रींचा डबा नक्कल आहे, काढून टाका, नाहीतर आमची गॅरंटी जाईल. एका हॉस्पिटलानं घाबरून काढला. पुढच्याच सुट्टीला तिथला पाण्याचा पंप बंद पडला, सगळं हेलियम उडालं, पेशंट गाड्यांत घालून दुसऱ्या गावाला पाठवावे लागले. आणि टायवाला आता म्हणतो, बघा, असल्या गावठी डब्यांच्या भरवशावर राहिलं की असं होतं. अरे, डबा कपाटात पडला होता! कपाटात बसून तो काय पहारा देणार?

पेटंट मिळालं तर त्या माणसाचं तोंड बंद होईल. नाही मिळालं तर वर्कशॉपला कुलूप लागेल, मिस्त्री तसं बोलूनही गेले. मी कुठे टिकत नाही हे तू सगळ्या पाहुण्यांना सांगत असतेस. इथे टिकलोय, ताई. हे गेलं तर मी पुन्हा पाय फुटतील तिकडे.

तू त्याच ऑफिसात बसतेस. एक शब्द टाक. एवढंच मागतोय.

जरा अंगात ताप आहे, बाकी ठीक. आईला नमस्कार. लोभ आहेच, तो कमी होईल असं उत्तर पाठवू नकोस.

तुझा,
भिंगरी

*

१७ मार्च

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद, आणि त्यांच्या पाठोपाठ कान उपटणं.

शब्द टाक म्हणे! मी काय भाजीवाल्याकडे कोथिंबीर मागते आहे का? माझ्याकडे तपासायला भांड्यांच्या झाकणांचे आणि बिजागऱ्यांचे अर्ज येतात. तुमची फाइल ज्यांच्याकडे आहे ते चष्मेवाले माझ्यापासून दोन टेबलं सोडून बसतात आणि चहा आम्ही एकत्र पितो. म्हणूनच मी त्यांना डब्याबद्दल अक्षरही विचारणार नाही. उद्या त्या टायवाल्याची बहीण माझ्या शेजारी येऊन बसली आणि तिनं शब्द टाकला, तर तू कसा नाचशील ते मला दिसतंय.

सगळ्यांना सांगते ते तुलाही सांगते. जगात कुठेही, कुणीही ती गोष्ट आधी छापली असेल, तर ती नवी नाही. तुमच्या हॉस्पिटलात ती होती की नव्हती, याच्याशी आमचा संबंध नाही. चिडायचं तर चीड, पण उत्तर तुमच्या वकिलामार्फत मुदतीत पाठवा. दुसऱ्यांची थंड डोकी दुरुस्त करतोस, तसं स्वतःचंही जरा बघ.

आता तुझा खरा गुन्हा. तू आईला फोनवर सांगितलंस की अंगात ताप आहे, आणि दुसऱ्याच दिवशी, रोज सकाळी खुशालीचा म्हणून तिला देतोस तो मिस्ड कॉल चुकवलास. तिनं गल्ली डोक्यावर घेतली. शेजारच्या काकूंना उठवलं, खालच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला धरून आणलं, तुमच्या वर्कशॉपात इतके फोन केले की मिस्त्री तिला शेवटी आई म्हणायला लागले. मी चिडून विचारलं की एरवी तर जेवणवेळेपर्यंत निवांत थांबतेस, आज एवढ्यात काय झालं. तर मलाच ऐकवलं. म्हणाली, धडधाकट पोर गप्प बसलं तर झोपलं असेल. तापलेलं पोर गप्प बसलं तर वाट कसली बघायची. आणि मजेत आहेस तर तेवढं कळवायला काय होतं, हे तुला विचारायला सांगितलंय. विचारलं.

औषध घे. माया आहे तशी आहे, शब्द मात्र मिळणार नाही.

तुझी,
ताई

*

३० मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून आधी कान लाल झाले. उत्तरच लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

पण आईचा भाग मी जेवताना सगळ्यांना वाचून दाखवला, हसायला म्हणून. मिस्त्री हसले नाहीत. हातातला घास तसाच ठेवून म्हणाले, पुन्हा वाच. पुन्हा वाचलं. तर म्हणाले, आपण गाढव आहोत.

अगं, डबा हेच करतो! वीज गेली तर डबाही मरतो, मग बोंब कोण मारणार? म्हणून डबा मधूनमधून वर्कशॉपातल्या फोनला मिस्ड कॉल देतो. तो आला म्हणजे सगळं ठीक. आला नाही की आमचा फोन आपोआप घंटा वाजवतो. किती वेळ थांबून वाजवायची, ते शेवटच्या खबरीवर. हेलियम भरपूर होतं तर फोन दम धरतो. आधीच कमी होतं तर लगेच बोंब. धडधाकट पोर आणि तापलेलं पोर!

आणि हे आलं कुठून माहीत आहे? नवा होतो तेव्हा सकाळी मिस्ड कॉल द्यायला मी पळायचो, म्हणून मिस्त्रींनी चिडवलं होतं. तेव्हा मी त्यांना आईचा हा स्वभाव सांगितला होता. ते हसले, आणि पुढच्या आठवड्यात डब्यात तो घातला.

अर्जात हे आहे, मागच्या पानांवर, पोटभाडेकरूसारखं एका परिच्छेदात. दाव्यांत मात्र कुठेच नाही. वकिलानं विचारलं होतं की यात खास काय, तेव्हा आम्ही छाती फुगवून दाब, पातळी, पाणी असलं सांगत बसलो. मिस्ड कॉलचं सांगायची लाज वाटली. घरातल्या गोष्टी कुणी साहेबाच्या टेबलावर मांडतं का? आता वकील म्हणतात, अर्जात पहिल्यापासून लिहिलेलं आहे म्हणजे दाव्यात वर आणता येईल. अकरांतले शेवटचे दोन दावे बदलून तिथे हे घातलं आणि उत्तर पाठवलं.

ताई, तू पोचलेली आहेस. वरून रागावल्याचं सोंग आणि आतून बरोबर नेम! शब्द न टाकता शब्द टाकलास. तुझ्या पायांवर डोकं, थंड नव्हे, माझंच.

तुझा लाडका (आता तरी),
भिंगरी

*

८ एप्रिल

चि. भिंगरीस,

आशीर्वाद देते आहे ते केवळ सवय म्हणून.

मी सोंग केलं नव्हतं! मी आईचं भांडण लिहिलं होतं. डबा मिस्ड कॉल देतो हे मला स्वप्नात तरी ठाऊक होतं का? पण तुझं ते पोचलेली आहेस वाचलं आणि मी आधी उठून दार लावून घेतलं. हे पत्र तिसऱ्या कुणी वाचलं असतं तर काय समजला असता?

म्हणून मी दुसऱ्याच दिवशी आपली सगळी पत्रं घेऊन आमच्या मोठ्या बाईंपुढे उभी राहिले. त्यांनी सगळी वाचली, तापाच्या ठिकाणी चष्मा काढून डोळे पुसले, आई नेहमीच अशी का म्हणून विचारलं, आणि मग फाइलवर नोंद केली. चष्मेवाल्यांनाही कळवलं. निकाल लागेपर्यंत मी त्यांच्याबरोबर चहा प्यायचा नाही आणि बसायचं मागच्या खोलीत, झेरॉक्सच्या मशीनशेजारी. माझ्या टेबलाला खिडकी होती, भिंगरी. समोर झाड होतं. आता समोर टोनरचे खोके आहेत.

एकही शब्द टाकला नाही आणि खिडकी गेली. टाकला असता तर निदान जिवाला समाधान तरी असतं.

यापुढे डब्याबद्दल मला काही लिहू नकोस, निकाल लागेपर्यंत. ताप उतरला का, एवढंच लिही.

ताई

*

१४ ऑगस्ट

ती. ताईस,

सा. न. वि. वि. ताप केव्हाच उतरला. फाइल आता वर गेली, चष्मेवाल्यांचं विचारून झालं, म्हणून लिहितोय. आणि हेही मोठ्या बाईंना दाखव, माझं काही म्हणणं नाही.

तुझी खिडकी काढली ते वाचून मी बॅग भरली होती. तिकडे येऊन त्यांना चार शब्द सुनवावेत असंच डोक्यात होतं. खऱ्याला ही शिक्षा? मिस्त्रींनी दारात अडवलं. म्हणाले, तू गेलास की तुझ्या बहिणीनं जे जपलं ते तूच धुळीला मिळवशील, आणि शिवाय सकाळी तुझ्या आईचे फोन मी घेणार नाही. बॅग परत खाटेखाली.

काल सुनावणी झाली. वकिलांच्या खोलीत पडद्यावर चष्मेवाले. माणूस दिसायला मवाळ, पण काय चिरतो! म्हणाले, पातळी, दाब, पाणी यातलं काही नवं नाही. मिस्त्रींनी मान डोलावली. म्हणाले, खबर आली नाही की घंटा, हेही जुनंच, बँकांत आणि लिफ्टमध्ये कधीचं आहे. मी उठून भांडणारच होतो की बँकेला हेलियम असतं का, पण मिस्त्रींनी माझ्या पायावर पाय दिला. मग त्यांनी छापलेला कागद दाखवला. होतं, ताई. अगदी तसंच होतं. माझ्या रागाला बसायला जागाच उरली नाही, याचाच जास्त राग आला.

मग ते शेवटच्यावर आले: शेवटच्या खबरीवरून चुंबक किती तग धरेल ते मोजायचं, आणि त्यावर किती वेळ गप्प राहू द्यायचं ते ठरवायचं. बराच वेळ पानं चाळली. मिस्त्रींना विचारलं की हे सुचलं कसं. मिस्त्रींनी माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, याच्या आईवरून. वकिलांना ठसका लागला. चष्मेवाले म्हणाले की त्यांना त्याची कल्पना आहे, फाइलवर नोंद आहे, आणि आई हा छापील पुरावा धरता येत नाही.

निकाल नंतर कळवतील. दम धरवत नाही.

तुझा,
भिंगरी

*

३ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद, या वेळी मनापासून.

मी विचारायला गेले नाही. जाहीर यादीत आलं तेव्हा सगळ्या जगाबरोबर वाचलं. अकरांतला एकच दावा राहिला, पण तो मंजूर आहे. तू दहा गेले म्हणून थयथयाट करशील, त्याआधी सांगते: जे तुमचं नव्हतं ते गेलं, जे तुमचं होतं तेवढं राहिलं. टायवाल्यासाठी तेवढं पुरे.

आईला सांगितलं की तुझा स्वभाव सरकारनं नवा म्हणून मान्य केला. तर तीच भडकली. म्हणते, नवा कसला, माझी आई अशीच होती, त्या चष्म्याला कुणी सांगितलं नाही का? तिला गप्प करायला मला बराच वेळ लागला. आता ती चष्मेवाल्यांना पत्र लिहायचं म्हणते, फोनवर तू तिला पेटवू नकोस.

माझं टेबल परत मिळतंय. झाडाच्या फांद्या छाटल्यात, पण आहे.

लोभ तुझाही असू दे, आणि बॅग खाटेखालीच राहू दे.

तुझी,
ताई

*

२१ ऑक्टोबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि. दहा गेले त्याचा थयथयाट माझा करून झालाय, मिस्त्रींसमोर, दोन चहा होईस्तोवर. आता बरा आहे.

कपाटातला डबा त्या हॉस्पिटलानं स्वतःहून परत बसवून मागितला. टायवाला आता आमच्याकडे येतो तेव्हा टाय सैल करून येतो. आणि मिस्त्रींनी मला फोनाजवळच्या खुर्चीत बसवलंय. सगळ्या डब्यांच्या खबरी माझ्याकडे. मी, जो कधी सिनेमा संपेपर्यंत बसलो नाही, तो दिवसभर बसतो आणि कोण बोललं, कोण नाही, ते बघतो.

परवा एका हॉस्पिटलाची खबर आली नाही. त्यांचं हेलियम आधीच कमी होतं. घंटा वाजायच्या आत मी स्कूटर काढली. जाऊन बघतो तर चुंबक गार, थंड डोकं मजेत फुसफुसतंय. फरशी घासणाऱ्या दादानं आपल्या मशीनसाठी डब्याचा प्लग काढला होता, बस. माझा असा संताप झाला! नर्सा बाहेर आल्या, डॉक्टर आले, पेशंटचे नातेवाईक आले, मी ओरडतच होतो. ओरडता ओरडता त्या डब्याकडे बघून म्हणालो, मजेत आहेस तर तेवढं कळवायला काय होतं!

आणि खाली वाकून प्लग लावला. वाक्य कुणाचं ते तुला सांगायला नको.

आईला सांग, उद्यापासून मिस्ड कॉल वेळेवर येईल. आणि कधी नाहीच आला, तर तिला अडवू नकोस. घेऊ दे गल्ली डोक्यावर.

लोभ आहे, तो असाच बोंब मारत राहो.

तुझा,
भिंगरी